उशीवरचे वाडवडील

लग्नघरात मुलीच्या बापाइतका निरुपयोगी प्राणी दुसरा नसतो, हे झोपे सरांना बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवूनही ठाऊक नव्हतं. ते त्यांना भूमिकाच्या लग्नाच्या दीड महिना आधी कळलं. हॉल मेव्हण्याने ठरवला, आचारी साडूने ठरवला आणि पत्रिकेचा मजकूर लताबाईंच्या भिशीमंडळाने एकमताने मंजूर केला. सरांनी फक्त एवढंच विचारलं, की पत्रिकेत माझं नाव चौथ्या ओळीत का? तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "सर, तुम्ही बसा हो. उगीच दगदग करू नका," असं म्हणून त्यांना अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवलं. जळगावच्या मेहरूण तलावावरून वारा बरा येत होता. सर बसून राहिले.

बसलेल्या माणसाला विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि मास्तर माणसाने विचार केला की त्यातून काहीतरी उपक्रम निघतोच. एकुलती एक पोरगी चालली. तिच्यासोबत कपाट जाईल, फ्रीज जाईल, मामाने दिलेली पैठणी जाईल, मावशीची ताटवाटी जाईल. यात आपलं काय? आपल्या डोक्यातून निघालेलं, आपल्या आयुष्याचं असं एक तरी काही पोरीसोबत त्या घरात जायला नको का? दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "रुखवतात मी सहा उशा देणार आहे."

"द्या की," लताबाई म्हणाल्या. त्या पापडांचा देव्हारा कसा उभा करायचा या विवंचनेत होत्या.

"शोभेच्या. प्रत्येक उशीवर एकेका जुन्या निसर्गशास्त्रज्ञाचं चित्र. लिनियस, बुफाँ, लामार्क—"

लताबाईंनी हातातला पापड खाली ठेवला. "काबरं हो? भूमीने तुमचं काय वाकडं केलंय?"

झोपे आडनावाच्या माणसाने उशांचा ध्यास घेतल्यावर कॉलनीत जे विनोद झाले ते इथे सांगत नाही. ते सगळे सरांनी विद्यार्थ्यांच्या तोंडून आधीच ऐकलेले होते. पण सरांच्या या हट्टामागे एक गोष्ट होती, आणि ती विनोदाची नव्हती.

धुळ्याला देवपुरातल्या ज्या कॉलेजात सरांनी नोकरी केली, तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहा तसबिरी होत्या. तेव्हा बिऱ्हाडही धुळ्यालाच होतं, आणि लहानपणी भूमिका शाळा सुटली की थेट प्रयोगशाळेत यायची. बाप प्रॅक्टिकल घेऊन मोकळा होईपर्यंत बरण्यांतल्या बेडकांशेजारी बसून गृहपाठ करायची. त्या सहा जणांशी तिची चांगली ओळख होती. लिनियस म्हणजे केसांचा टोप घातलेला, सगळ्या जगाला नावं ठेवणारा. मेरियनबाई म्हणजे किडे बघायला पोरीला घेऊन जहाजातून सुरीनामला गेलेली. वॉलेस म्हणजे ज्याचं सगळं सामान जहाजासकट जळालं तो. आणि लामार्क म्हातारपणी आंधळा झाला, त्याला त्याच्या मुलींनी सांभाळलं, हे सरांनी सांगितल्यावर आठ वर्षांची भूमिका लामार्ककडे बराच वेळ बघत राहिली होती. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही आंधळे झाले तरी काळजी करू नका." सरांच्या आयुष्यात त्यांना मिळालेलं ते एकमेव लेखी नसलेलं पण खात्रीचं आश्वासन होतं.

तर तेच सहा जण पाहिजेत. "गुगलवरून घ्या ना, एका मिनिटात मिळतील," असं शेजारच्या लखीचंदजींनी सुचवलं. लखीचंदजींचं कापडाचं दुकान होतं आणि जगातल्या सर्व प्रश्नांवर त्यांचं मत तयार असे. सर म्हणाले, गुगलवरचे नकोत, भूमिकाच्या ओळखीचे पाहिजेत. लखीचंदजींनी तो मुद्दा सोडून दुसरा धरला. "बरं का सर, वेलवेट घ्या. वेलवेटवर माणूस चमकतो. पण मी म्हणतो, हे परदेशी म्हातारे कशाला? मोर घ्या. राधाकृष्ण घ्या. गेला बाजार आपले थोर पुरुष नाहीत का?"

"आहेत ना," सर म्हणाले. "पण त्यांच्यावर कोणी कोपर टेकलं तर संध्याकाळी दारात मोर्चा येईल. स्वीडनच्या माणसासाठी जळगावात कोणी मोर्चा काढणार नाही."

हे वाक्य सरांना पुढे फार महागात पडणार होतं. पण त्या वेळी ते स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होते.

सर एस.टी.ने धुळ्याला गेले. ज्या फाटकातून बत्तीस वर्षं आतबाहेर केली, तिथल्या नव्या वॉचमनने त्यांना अडवून विचारलं, "कोणाला भेटायचंय, बाबा?" सरांनी नाव सांगितलं. वॉचमनने वहीत लिहून घेतलं आणि कामाचं स्वरूप विचारलं. सर म्हणाले, "इथे मी विभागप्रमुख होतो." वॉचमनने 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'होतो' असं लिहिलं. ते खोटं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या दारावर आता 'कौशल्य विकास कक्ष' अशी पाटी होती आणि आत मुली मेहंदीचा कोर्स करत होत्या. प्राणिशास्त्राला विद्यार्थी येईनात म्हणून विभाग बंद झाला होता. हे सरांना माहीत होतं, पण माहीत असणं आणि पाहणं यात फरक असतो. तसबिरी गोडाउनमध्ये टाकल्या होत्या. कार्यालयातले छगनभाऊ ओळखीचे होते, म्हणून त्यांनी पूर्ण उभं न राहता अर्धवट उठल्यासारखं केलं.

"सर, तसबिरी डेडस्टॉकला आहेत. देता येत नाहीत. निर्लेखन समितीची बैठक झाली की भंगारात काढू, मग भंगारवाल्याकडून घ्या."

"बैठक कधी?"

"समितीचे अध्यक्ष तुम्हीच होता. तुम्ही रिटायर झाल्यापासून नवीन नेमले नाहीत."

शेवटी छगनभाऊंनी तोड काढली. तसबिरी नाही, पण तसबिरींचा फोटो काढता येईल. त्याला अर्ज. अर्जात प्रयोजन. सरांनी प्रामाणिकपणे 'रुखवत' लिहिलं. छगनभाऊंनी चष्मा वर केला. "असा रकाना नाही, सर. शैक्षणिक, संशोधन, न्यायालयीन आणि इतर. इतरला प्राचार्यांची वेगळी सही लागते आणि प्राचार्य बैठकीला गेलेत." सरांनी 'शैक्षणिक' केलं. मग एक हमीपत्र भरून घेण्यात आलं, की सदर चित्रांचा अवमान होईल असा वापर मी करणार नाही. उशीवर छापणं हा अवमान होतो का, यावर सरांनी क्षणभर विचार केला आणि सही ठोकली. दुसऱ्या खेपेला गोडाउनची किल्ली ज्या शिपायाकडे होती तो साक्रीला हळदीला गेलेला निघाला. तिसऱ्या खेपेला किल्ली मिळाली, कुलूप उघडलं आणि आत बुफाँला वाळवीने खाल्लेलं दिसलं. नाकापासून खाली काही उरलंच नव्हतं. वाळवीला शास्त्रीय नाव दिलं लिनियसने, आणि तिने खाल्लं त्याच्याशी जन्मभर भांडलेल्या बुफाँला. एरवी या योगायोगावर सरांनी अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी गोडाउनमध्ये ऐकायला फक्त शिपाई होता आणि तो तंबाखू मळत होता.

पाच फोटो घेऊन सर जळगावला कुंदनच्या दुकानात गेले. कुंदन फ्लेक्स छापायचा, कपबशा छापायचा, टी-शर्ट छापायचा आणि उशाही छापायचा. जळगावात कोणाचाही वाढदिवस असो नाहीतर दहावा, त्याचा चेहरा आधी कुंदनच्या कॉम्प्युटरमधून जायचा. "सर, टेन्शन घेऊ नका," कुंदन म्हणाला. "फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सहा उशा, वेलवेट, लाल. लग्नाच्या चार दिवस आधी न्या." सरांनी फोटो टाकले. सहाव्याचं नंतर कळवतो म्हणाले, आणि नंतर कळवायचं विसरले. लग्नघरातला बाप निरुपयोगी असला तरी त्याला विसरायला वेळ लागत नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी गठ्ठा मिळाला. सरांनी तो स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आणला आणि सगळ्यांसमोर बैठकीत मोठ्या थाटात सोडला.

लाल वेलवेटवर डार्विन अगदी जिवंत उतरला होता. फक्त त्याच्या डोक्यामागे प्रकाशाचं वलय होतं, दोन्ही बाजूंना समया तेवत होत्या आणि दाढीखाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : समस्त झोपे परिवार, मेहरूण.'

पाचही उशांवर हेच. आणि सहावी उशी सरांनी उलटली तेव्हा तिच्यावर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. हा व्हॉट्सॲपवरचा, निरोपसमारंभातला, गळ्यात हार घातलेला फोटो. खाली तीच समई, तीच श्रद्धांजली.

साडू खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले आणि अंगणातून त्यांचं हसणं ऐकू आलं.

फोनवर कुंदन म्हणाला, "सर, म्हाताऱ्या माणसांचे काळेपांढरे फोटो, मागे काळा पडदा, आणि खाली नाव झोपे सर. अजून काय समजायचं? माझ्याकडे दोनच सेटिंग आहेत, वाढदिवस आणि हे. सहावा फोटो तुम्ही दिला नाही, मग मी म्हटलं राहिलेला हाच असेल. हारसुद्धा होता ना गळ्यात." नवीन छापून द्यायला त्याला दहा दिवस लागणार होते. लग्नसराई होती आणि शिवाय तालुक्यात दोन वाढदिवस होते.

त्याच दुपारी लखीचंदजींच्या घरच्या मोहनबाई फिकट साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. अंगणातल्या खुर्चीत टाकलेली एक उशी त्यांनी गच्चीवरून पाहिली होती, आणि ती नेमकी सहावी होती. दार सरांनी उघडलं. मोहनबाई किंचाळल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्या फक्त दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "आमचे हे म्हणत होते, सर सकाळी दिसले होते म्हणून." मग त्यांना चहा दिला. आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, मग तो आपल्याच दुखवट्याला का आलेला असेना.

"जाळून टाका ती थेरं," लताबाई म्हणाल्या. मग त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला कशासाठी हट्ट धरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी शिवणाचा डबा काढला, बोटभर रुंदीची जरीची किनार आणली आणि पाचही उशांवर श्रद्धांजलीच्या ओळीवर किनार टाचून दिली. समया तशाच राहिल्या, पण समई लग्नातही चालते. सहाव्या उशीवर त्यांनी साधा निळा अभ्रा चढवला आणि टाके घालून बंद केला. "सहा सांगितल्यात सगळ्यांना, सहाच जातील," त्या म्हणाल्या. सरांना त्या क्षणी बायकोबद्दल जे वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये रुखवत मांडलं. पापडांचा देव्हारा मधे, शेवयांची गाडी डावीकडे, आणि अगदी कोपऱ्यात, खांबाआड, सहा उशा. सरांनी चित्रांच्या पाचही उशांपुढे टाचणीने चिठ्ठी लावली होती. 'कार्ल लिनियस, १७०७ ते १७७८. सजीवांना दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत यांची.' मांडववाल्याने मोठा पंखा सुरू केला आणि सगळ्या चिठ्ठ्या उडून भोजनगृहाकडे गेल्या. एक म्हणे नंतर मठ्ठ्याच्या पातेल्यात सापडली.

मुहूर्ताला वीस मिनिटं असताना वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे नवऱ्या मुलाची आजी, धुरपदाबाई. मागून मुलाचे वडील, भाईदास आबा. माणसं मूळची साक्रीकडची, देवपुरात पंपांचं मोठं दुकान. मुलगा योगराज भूमिकाने स्वतः पसंत केलेला, आणि आबांनी त्या पसंतीला मान तुकवून होकार दिलेला. त्या उपकारामुळे झोपे घराण्यात सगळ्यांना त्यांचा जरा धाकच होता.

धुरपदाबाईंनी देव्हाऱ्याचा पापड मोडून चव बघितली आणि त्या उशांपाशी येऊन थांबल्या. लिनियसच्या टोपाकडे निरखून पाहिलं. "हाई बाई कोन शे वं?" आजींनी लिनियसला उचललं, वेलवेट चाचपलं, आणि किनारीचा टाका नखाने ओढला. टाका सुटला, किनार लोंबली. "आबा, काय लिखेल शे रे तठे? वाच बरं."

भाईदास आबांनी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

सनईची कॅसेट नेमकी त्याच वेळी बदलली जात होती, त्यामुळे हे हॉलच्या तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. आबांचा चेहरा उतरला. "सर, काय हे? लग्नात श्रद्धांजली?" कोणीतरी मागून अशुभ हा शब्द उच्चारला. दुसऱ्या कोणीतरी तो पुढे पोचवला.

सर पुढे झाले. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. उलट आत कुठेतरी आनंदच झाला, की अखेर कोणीतरी विचारलं हे कोण आहेत. बत्तीस वर्षांत एकाही पोराने हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता. सरांनी घसा साफ केला. "सन सतराशे सात मध्ये स्वीडन देशातल्या एका खेड्यात—"

"आजी," मागून आवाज आला. व्हिडिओवाला भूमिकाला रुखवतापाशी घेऊन आला होता. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. तिने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा सुटलेल्या किनारीकडे पाहिलं आणि बापाच्या दंडावर हात ठेवला. "आजी, हे आमच्या घराण्यातले वाडवडील आहेत. पप्पांची फार श्रद्धा आहे. त्यांचे आशीर्वाद सोबत असावेत म्हणून दिलेत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने बोटांनी त्यांचा दंड दाबला. ज्या पोरीने आठव्या वर्षी या माणसांना नावानिशी ओळखलं होतं, तिने त्यांना वीस मिनिटांनी होणाऱ्या लग्नासाठी झोप्यांच्या वंशावळीत घालून टाकलं. तिचं चुकलं असंही म्हणता येईना. सर गप्प बसले, आणि गप्प बसताना त्यांना फार वाईट वाटलं.

खालच्या ओळीत 'समस्त झोपे परिवार' असं छापलेलंच होतं, त्यामुळे पुरावाही पक्का झाला. धुरपदाबाईंचे डोळे भरून आले. "पितरं लगीनले उनात! असं भाग्य कोनं ऱ्हास?" पितर लग्नाला आले म्हणून त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला आणि लिनियसपासून डार्विनपर्यंत पाचही जणांना टिळा लावला. आबांनी उपरणं सावरून नमस्कार केला, म्हणून बाकीच्यांनीही केला. एक चुणचुणीत पाहुणा डार्विनकडे बोट दाखवून म्हणाला, "यांना मी कुठेतरी पुस्तकात पाहिलंय." आबा म्हणाले, "असतीलच. शिकलेलं घराणं आहे." मग आजींनी शेवटचा हुकूम दिला. "पितरेस्वर डोकं ठी झोपतस का कोनी? भीतवर लावा."

झालं. देवपुरात फोटो फ्रेमवाल्याकडून पाचही अभ्रे काचेत बसवून आले आणि पुढच्या खोलीत ओळीने लागले. रोज उदबत्ती, गुरुवारी हार. भूमिका फोनवर हे सांगताना हसायची. सर हसत नसत. "तू सांगून टाक ना गं खरं काय ते," ते एकदा म्हणाले.

"आता कसं सांगू, पप्पा? लग्नाच्या दिवशीच खोटं बोलली असं होईल ना. राहू द्या. कोणाचं काय बिघडतंय त्यात?"

कोणाचं काय बिघडतंय ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळलं.

खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला, तेही पहिल्या, घराच्या अंगणात झोका रिकामा राहिला तर लोक विचारतात. सरांनी स्वतः निंबाला दोर बांधून झोका टांगला आणि मजबुती तपासायला दोनदा बसूनही पाहिलं. लताबाईंनी सांजोऱ्या केल्या, आंबे पेंढ्यात घातले. दुकानात गर्दी आहे, आखाजीच्या दिवशी सकाळीच न्यायला या, असा आबांचा निरोप होता. सर व्याह्यांसाठी सांजोऱ्यांचा डबा घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने मुऱ्हाळी म्हणून निघाले आणि नऊच्या सुमारास देवपुरात पोचले.

पुढच्या खोलीत पाच तसबिरींना ताजे हार होते. प्रत्येकीखाली पाण्याची एकेक नवी मातीची घागर, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. भूमिका नऊवारी नेसून लामार्कच्या घागरीत पाणी ओतत होती. तिची बॅग भरलेली नव्हती.

आखाजी जशी लेकींची, तशी पितरांची. त्या दिवशी पितर घरी पाणी प्यायला येतात आणि ज्यांचे पितर त्यांनीच घागर भरायची असते. भूमिका इथेच का हवी ते धुरपदाबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, "पितरं आठे शेतस, तं घागर आठेच भरानी. दुसरास्ना पितरेस्ले आम्ही पानी कसं देवानं? पोरनाच हात पाहिजे."

"मग मी त्यांना जळगावला घेऊन जातो," सर म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "सगळ्यांना. आत्ता. आणि भूमीलाही."

"सर," आबा समजुतीने म्हणाले, "एकदा भिंतीवर बसलेले पितर उठवत नाहीत. आता आलाच आहात तर बसा पाटावर. तुमच्या घराण्याचे, तुम्हीच नाव घेऊन घास टाका."

सर पाटावर बसले. समोर निखाऱ्यांची कढई ठेवली. घरातली बाराचौदा माणसं हात जोडून मागे उभी राहिली. सरांनी पुरणपोळीचा घास तुपात बुडवला आणि निखाऱ्यावर टाकला. "कार्ल लिनियस," ते म्हणाले. "मारिया मेरियन. चार्ल्स डार्विन. आल्फ्रेड वॉलेस." कोणी कुजबुजलं नाही, कोणी मोबाइल काढला नाही, मागच्या बाकावरून कोणी बेडकाचा आवाज काढला नाही. असा वर्ग सरांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. "ज्याँ-बाप्तिस्त लामार्क," ते म्हणाले आणि धुराने म्हणा किंवा कशाने म्हणा, त्यांना समोरचं दिसेनासं झालं.

भूमिका पाणी देण्याच्या निमित्ताने जवळ वाकली. "पप्पा, या वर्षी नाही जमणार. मम्मीला सांगा. पुढच्या आखाजीला नक्की येते."

"पुढच्या आखाजीलाही पितर इथेच असतील ना गं," सर म्हणाले.

तिने मान वळवली. ती कुठे बघायचं टाळते आहे ते बघायला सरांनी डोळे पुसले आणि पाहिलं. खुर्चीवर भाईदास आबा बसले होते आणि त्यांच्या खाली लाल वेलवेटची एक उशी होती. निळा अभ्रा धुण्यात उसवून गेला असावा. आबांच्या मांडीखालून फक्त गळ्यातला हार, एक कान आणि 'श्रद्धांजली' एवढंच दिसत होतं.

आबांनी सरांची नजर ओळखली. ते ओशाळले, पण उठले नाहीत. "डॉक्टरने मऊवर बसायला सांगितलंय, सर. आणि जित्या माणसाचा फोटो भिंतीवर लावता येत नाही ना, म्हणून म्हटलं वापरात तरी राहू द्यावी." मग त्यांनी पुढे झुकून सरांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. त्यांच्या आवाजात खोट अशी काहीच नव्हती.

"काळजी करानी नही, सर. तुमनी बी येळ ई ना, तव्हय तुमले बी भीतवर लाई देसूत."

सरांनी मान हलवली. दुपारच्या गाडीने ते सांजोऱ्यांचा रिकामा डबा घेऊन एकटेच जळगावला परतले आणि अंगणातला झोका त्यांनी स्वतःच सोडून ठेवला.